कमी खर्चात प्रतिक्रियाकाल मोजताना: कीबोर्ड, माऊस की बटणांची पेटी?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रबंधाचा विषय ठरतो, साइकोपायवर (प्रयोग बनवायचा प्रोग्रॅम) प्रयोग बांधून होतो, आणि मग कुणीतरी सांगतं की साध्या कीबोर्डवर रिॲक्शन टाइम, म्हणजे प्रतिक्रियाकाल, मोजून चालत नाही, त्यासाठी परदेशी रिस्पॉन्स बॉक्सच (प्रतिसाद नोंदवणारी बटणांची पेटी) हवा. त्या बॉक्सची किंमत शेकडो डॉलर, वर कस्टम ड्युटी आणि कुरिअर. विभागाकडे तेवढे पैसे नसतात. मग प्रयोग बाजूला पडतो आणि त्याच्या जागी प्रश्नावली येते. मला हे फार खटकतं, कारण बहुतेक विद्यार्थ्यांच्या प्रयोगांना तो बॉक्स लागतच नाही. कुठे लागतो आणि कुठे नाही, हे ऐकीव गोष्टींवर सोडायची गरज नाही. साध्या आकडेमोडीने आणि एका दुपारच्या तपासणीने ते ठरवता येतं.

हा लेख पहिल्यांदाच प्रयोग उभा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि छोट्या कॉलेजांत प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिक्षकांसाठी आहे.

आधी विलंब समजून घ्या

खरेदीच्या आधी हा भाग वाचाच, बाकी सगळं यावर उभं आहे.

प्रयुक्ताने, म्हणजे प्रयोगात भाग घेणाऱ्याने, कळ दाबली की ती लगेच संगणकाला कळत नाही. यांत्रिक कीबोर्डची नेहमीची कळ एकूण सुमारे ४ मिमी खाली जाते आणि साधारण २ मिमीवर तिचा संपर्क जुळतो. संपर्क जुळताना धातूच्या पट्ट्या काही क्षण थरथरतात आणि एकच दाब पाच-सहा वेळा दाबल्यासारखा दिसतो. म्हणून कीबोर्डमधली चिप थोडं थांबून खात्री करून घेते. त्यानंतर संगणक यूएसबीवरून 'काही नवीन आहे का' असं विचारतो, तेव्हाच ती माहिती पुढे सरकते. साध्या कीबोर्डला हा प्रश्न बहुधा सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी विचारला जातो. गेमिंगच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कीबोर्ड-माऊसला तो सेकंदाला १००० वेळा विचारला जातो. शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम आणि तुमचा प्रोग्रॅम आपापला वेळ घेतात.

या सगळ्या विलंबाचे दोन भाग पडतात. एक भाग कायम तेवढाच राहणारा, दुसरा दर वेळी बदलणारा.

कायमच्या विलंबाची भीती बाळगायचं कारण बहुधा नसतं. समजा स्ट्रूप प्रयोगात (यात शब्दाचा अर्थ सोडून अक्षरांचा रंग सांगायचा असतो) तुमचा कीबोर्ड प्रत्येक प्रतिसादात ३० मिलिसेकंद जास्त दाखवतो. 'लाल' हा शब्द लाल रंगात असताना ६५० ऐवजी ६८० आले, निळ्या रंगात असताना ७८० ऐवजी ८१० आले. फरक दोन्हीकडे १३०च. डच शरीरशास्त्रज्ञ डोंडर्स यांनी १८६८ साली प्रतिक्रियाकालांची वजाबाकी करून मनातल्या एकेका प्रक्रियेला किती वेळ लागतो हे शोधायची पद्धत मांडली. आपणही आज तीच वजाबाकी करतो, आणि वजाबाकीत कायमचा विलंब उडून जातो.

बदलणाऱ्या विलंबाचा हिशेब बघू. दर ८ मिलिसेकंदांनी विचारणा होत असेल तर त्यामुळे येणारा विलंब ० ते ८च्या दरम्यान कुठेही पडतो आणि त्याचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) सुमारे २.३ मिलिसेकंद येतं. दोन पर्यायांच्या प्रयोगात एकाच माणसाच्या प्रतिक्रियाकालांचं प्रमाण विचलन १०० मिलिसेकंद धरलं, तर दोन्ही मिळून किती होतं? विचलनांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं: १००.०३. विलंब ० ते २० मिलिसेकंद असा ढोबळ बदलत असला तरी उत्तर १००.१७ येतं. माणसाच्या स्वतःच्या चढउतारात कीबोर्डचा चढउतार दिसतही नाही. ही गोष्ट उलरिश आणि गिराय यांनी १९८९मध्ये ढोबळ घड्याळांच्या बाबतीत गणिताने दाखवली. २०१०मध्ये डेमियन यांनी साध्या कीबोर्डसाठी हाच प्रश्न तपासला, तेव्हाही निष्कर्ष असाच निघाला.

याच हिशेबाची दुसरी बाजू जास्त उपयोगाची आहे. एका स्थितीत ४० चाचण्या (म्हणजे ४० वेळा दाखवून ४० प्रतिसाद) घेतल्या तर त्या माणसाच्या सरासरीची प्रमाण त्रुटी (सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते त्याचं माप) १०० भागिले ४०चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १५.८ मिलिसेकंद. ८० चाचण्या घेतल्या तर ११.२. चाचण्या वाढवायला पैसे पडत नाहीत आणि त्याने जेवढी अचूकता मिळते तेवढी कुठलाही महाग बॉक्स देऊ शकत नाही.

मग खरा धोका कुठे आहे? उपकरणाचा विलंब तुमच्या चलाबरोबर, म्हणजे ज्याचा परिणाम तपासायचा त्या घटकाबरोबर, बदलतो तिथे. कॉलेजच्या मुलांची चाचणी लॅबमधल्या डेस्कटॉपवर घेतली आणि वृद्धाश्रमातली चाचणी वायरलेस कीबोर्ड लावलेल्या लॅपटॉपवर, तर दोन गटांतला फरक वयाचा की कीबोर्डचा हे कुणालाच सांगता येणार नाही. 'हो'साठी लहान कळ आणि 'नाही'साठी स्पेसबार ठेवला तरी तेच. स्वस्त उपकरण चालतं. एका बाजूला झुकणारं उपकरण, मग ते कितीही महाग असो, चालत नाही. खरेदीपासून तपासणीपर्यंतचा प्रत्येक निर्णय या कसोटीवर घ्या.

पहिली पायरी: प्रयोगाचा प्रश्न कागदावर लिहा

दुकानात जाण्याआधी वहीत लिहून काढा: तुलना कोणाची कोणाशी आहे? एकाच व्यक्तीच्या दोन स्थितींची, की दोन वेगळ्या गटांची? फरक साधारण किती मिलिसेकंदांचा अपेक्षित आहे? प्रतिसादाचे पर्याय किती?

एकाच व्यक्तीच्या स्थितींची तुलना असेल आणि फरक ४०-५० मिलिसेकंदांचा किंवा जास्त अपेक्षित असेल, तर वायरवाला साधा कीबोर्ड पुरतो. स्ट्रूप, फ्लँकर, सायमन, शब्द-अशब्द निर्णय हे नेहमीचे प्रयोग बहुतेक वेळा याच पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास बसतात. फरक १०-२० मिलिसेकंदांचा असेल तरी कीबोर्ड चालू शकतो, पण मग चाचण्या भरपूर हव्यात आणि दोन्ही कळींचा विलंब सारखा असल्याची खात्री हवी. गटांची तुलना असेल तर सगळ्यांना एकच उपकरण, एकच संगणक, एकच स्क्रीन.

'अमुक माणसाचा प्रतिक्रियाकाल २३५ मिलिसेकंद आहे' असं थेट म्हणायचं असेल, उदाहरणार्थ निकषांशी तुलना करायची असेल, तर कायमचा विलंबही मोजून वजा करावा लागतो. एमआरआय यंत्रातल्या प्रयोगात तर घरी बनवलेली पेटी नेऊच नका. तिथे धातू आणि तारा धोकादायक असतात, केंद्राकडे त्यांची स्वतःची ऑप्टिकल फायबरची बटणं असतात, ती वापरा. ईईजीबरोबरच्या (मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवणाऱ्या) प्रयोगात उद्दीपकाची (दाखवलेल्या शब्दाची किंवा चित्राची) आणि प्रतिसादाची खूण थेट त्या यंत्रात नोंदवायची असते, त्यासाठी त्या लॅबच्या तंत्रज्ञाशी आधी बोला.

दुसरी पायरी: समोर कोण बसणार आहे?

कॉलेजच्या मुलांना कीबोर्ड सवयीचा असतो. एफ आणि जे या कळींवर बारीक उंचवटे असतात, त्यामुळे खाली न बघता तर्जन्या जागेवर राहतात. सात वर्षांच्या मुलाला किंवा आयुष्यात कधी कीबोर्ड न वापरलेल्या आजींना मात्र शंभरेक कळींतल्या नेमक्या दोन शोधायला सांगणं अन्यायाचं आहे. त्या प्रत्येक वेळी खाली बघतात, आणि तुम्ही मोजता तो काळ विचाराचा राहत नाही, कळ शोधण्याचा होतो. त्यांच्यासाठी मोठी रंगीत बटणं हवीत, व्हिडिओ गेमच्या दुकानातल्या यंत्रांवर असायची तशी. सांधेदुखी असलेल्यांना हलक्या दाबाचं बटण द्या. हात वापरता येत नसेल तर यूएसबी पायपट्टी मिळते, ती संगणकाला कीबोर्डसारखीच दिसते.

गावात जाऊन फोनवर किंवा टॅबवर चाचणी घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. टचस्क्रीनचा विलंब कित्येक दहा मिलिसेकंदांचा असतो आणि मॉडेलनुसार बराच बदलतो. शिवाय बोट हवेतून काचेपर्यंत यायला लागणारा वेळ त्यात मिसळतो. अचूकतेचं प्रमाण मोजायचं असेल तर टच ठीक आहे. वेळ मोजायचा असेल तर एक ओटीजी केबल (फोन-टॅबला यूएसबी उपकरण जोडणारी) घ्या आणि टॅबला वायरवाला छोटा कीपॅड जोडा. शंभर-दोनशे रुपयांच्या केबलने प्रयोग बराच सुधारतो.

तिसरी पायरी: हाताशी आहे ते आधी तपासा

लॅबमधला वायरवाला यूएसबी कीबोर्ड घ्या. कळी अडकत नाहीत ना, दोन्ही कळींना सारखाच दाब लागतो ना, बघा. अनेक वर्षं वापरलेल्या कीबोर्डवर एखादी कळ हमखास जड झालेली असते. ब्लूटूथ किंवा वायरलेस कीबोर्ड नको: त्यात रेडिओचा विलंब आहे, बॅटरी वाचवण्यासाठी झोपी जाणं आहे, आणि झोपेतून उठताना पहिला दाब हरवणंही आहे.

कळी निवडताना एफ-जे किंवा डी-के अशा समान आकाराच्या, समान अंतरावरच्या घ्या. डाव्या-उजव्या शिफ्ट कळी नवख्यांना आकर्षक वाटतात, कारण त्या मोठ्या आणि कडेला असतात. पण विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज'ची खिडकी उघडते आणि प्रयोग तिथेच थांबतो. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून ठेवली तर 'फिल्टर कीज' विचारलं जातं, आणि ते चालू झालं तर छोटे दाब चक्क गाळले जातात. शिफ्टच्या वाटेला जायचंच नाही.

मराठीतून प्रयोग घेणाऱ्यांना एक खास अडचण येते, आणि तिच्याविषयी इंग्रजी मदतपानांवर क्वचितच काही सापडतं. सूचना टाइप करण्यासाठी तुम्ही विंडोजवर मराठी इन्स्क्रिप्ट चालू केलेलं असतं आणि ते तसंच राहतं. प्रयोग सुरू होतो, प्रयुक्त एफ दाबतो, पण संगणकाकडे जाते ऱ्हस्व वेलांटी. जे दाबल्यावर जातो 'र', डी दाबल्यावर हलन्त, के दाबल्यावर 'क'. ब्राउझरमधला प्रोग्रॅम 'एफ' या अक्षराची वाट बघत बसतो आणि प्रतिसाद नोंदलाच जात नाही. उच्चारानुसारी टंकलेखन चालू असेल तर कळ आधी शब्द जुळवणाऱ्या खिडकीत अडकते. त्यामुळे प्रत्येक सत्राआधी विंडोज आणि स्पेस या कळींनी भाषा इंग्रजीवर आणा. सूचना देवनागरीतच राहतात, त्याचा याच्याशी संबंध नाही. प्रयोग संपेपर्यंत त्या संगणकावर दुसरी भाषा काढूनच टाकली तर आणखी चांगलं.

दोन्ही कळी एकाच वेळी दाबून ठेवायच्या असतील (बोट उचलल्याची वेळ मोजणाऱ्या प्रयोगात असं लागतं) तर स्वस्त कीबोर्ड काही जोड्या ओळखत नाही. तुमची जोडी आधी करून बघा.

चौथी पायरी: विकत घ्यायचंच असेल तर

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे वेगळा मिळणारा यूएसबी नंबर कीपॅड, साधारण पाचशे रुपयांच्या आसपास. नको असलेल्या कळींच्या टोप्या काढून टाकता येतात, उरलेल्यांवर रंगीत स्टिकर लावता येतात, आणि मांडीवर किंवा टेबलाच्या मध्यावर ठेवता येतो. नमलॉक मात्र चालूच ठेवा. तो बंद असेल तर ४ आणि ६ या कळी डावा-उजवा बाण होतात आणि प्रोग्रॅममध्ये त्यांची नावं बदलतात.

दोनच पर्याय असतील तर १००० हर्ट्झचा (सेकंदाला १००० वेळा विचारणा होणारा) वायरवाला गेमिंग माऊस मला सर्वांत आवडतो. हजार-दीड हजारात चांगला मिळतो. तो टेबलावर न सरकवता दोन्ही हातांत धरायचा, एक अंगठा डाव्या बटणावर, एक उजव्या. बटणांचा प्रवास अगदी थोडा असतो आणि दाब हलका. काही माऊसमध्ये डाव्या आणि उजव्या बटणाचा विलंब वेगळा निघतो, हे ध्यानात ठेवून अर्ध्या प्रयुक्तांना 'डावं म्हणजे हो' आणि अर्ध्यांना 'उजवं म्हणजे हो' द्या. हे प्रतिसंतुलन कुठल्याही उपकरणावर करायचंच असतं, कारण उजव्या हाताचा झुकावही त्यानेच कापला जातो. माऊसचा मार्ग नोंदवणारा प्रयोग असेल तर विंडोजमधलं 'पॉइंटर प्रिसिजन' वाढवणारं सेटिंग बंद करा, नाहीतर हाताचा वेग आणि पडद्यावरचा वेग यांचं नातं बदलत राहतं.

गेमपॅड आणि जॉयस्टिक जरा जपून. उपकरण चांगलं असलं तरी कित्येक प्रोग्रॅम त्याची स्थिती पडद्याच्या प्रत्येक फ्रेमला एकदाच तपासतात. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० फ्रेमच्या) पडद्यावर याचा अर्थ दर १६.७ मिलिसेकंदांनी. आकर्षण-विकर्षणाच्या प्रयोगात (हवंसं जवळ ओढायचं, नकोसं दूर ढकलायचं) ओढणं-ढकलणं हवंच असतं, तिथे वापरा. नुसत्या दोन बटणांसाठी गेमपॅड घेऊ नका.

स्वतः पेटी बनवायची असेल तर

मुलांबरोबर किंवा ज्येष्ठांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक विभागात अशी एक पेटी असावी असं मला वाटतं. ती बनवायला इंजिनिअर लागत नाही. २००७मध्ये फॉस आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या माऊसपासून रिस्पॉन्स पॅड बनवायची कृती शोधनिबंध म्हणून छापली होती. ती संगणकाच्या पॅरलल पोर्टवर चालणारी होती, आज ते पोर्टच सहसा सापडत नाही. पण आता हाती असलेले बोर्ड त्याहून सोपे आहेत.

बोर्ड निवडताना एक भेद पक्का करा. आर्डुइनो लिओनार्डो, प्रो मायक्रो किंवा २०२१मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको हे बोर्ड संगणकाला थेट 'मी कीबोर्ड आहे' असं सांगू शकतात. मग साइकोपाय, ओपनसेसमी, ब्राउझर, कशातही वेगळं काही करावं लागत नाही. पेटीतलं डावं बटण 'एफ' पाठवतं, उजवं 'जे', संपलं. सगळीकडे सहज मिळणारा आर्डुइनो उनो मात्र मुळात सिरीयल पोर्टने बोलतो, त्याची माहिती वाचायला प्रोग्रॅममध्ये वेगळा कोड लागतो. एफटीडीआय चिप (यूएसबीला सिरीयलशी जोडणारी) असलेल्या बोर्डांवर विंडोजमध्ये १६ मिलिसेकंदांचा 'लेटन्सी टाइमर' मुळातच लावलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो १ करा.

सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. दुकानात 'पुश टू ऑन' बटण मागा. 'पुश ऑन-पुश ऑफ' दिलं तर ते दाबल्यावर आतच अडकून राहतं, आपल्या कामाचं नाही. आर्केडची (व्हिडिओ गेमच्या यंत्रांवरची) बटणं मिळाली तर उत्तम, त्यांच्या खाली मायक्रोस्विच असतो आणि दाबल्याचं बोटाला स्पष्ट कळतं. दोन्ही बटणं एकाच बनावटीची, एकाच वेळी घेतलेली हवीत, आणि एक जास्तीचं घ्या. पेटीसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातला प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स पुरतो. छिद्र पाडण्याआधी बटणाचा व्यास मोजा, खाली रबराचे पाय चिकटवा. जोशात दाबणाऱ्या मुलांच्या हातून पेटी घसरत जाते.

जोडणी अगदी सोपी. बटणाचं एक टोक बोर्डच्या पिनला, दुसरं ग्राउंडला, आणि कोडमध्ये त्या पिनचा अंतर्गत पुल-अप (बटण न दाबलेलं असताना पिन ठरावीक व्होल्टेजवर ठेवणारा आतला रेझिस्टर) चालू. वेगळा रेझिस्टर लागत नाही. पिकोच्या पिनांना ३.३ व्होल्टच चालतात, ५ व्होल्टची तार तिथे लावू नका.

कोडमध्ये एक जागा अशी आहे जिथे नेटवरची नमुना उदाहरणं आपल्या कामाला घात करतात. संपर्काच्या थरथरीवर उपाय म्हणून बहुतेक उदाहरणं २० किंवा ५० मिलिसेकंद थांबतात आणि बटण अजून दाबलेलंच आहे याची खात्री पटल्यावर कळ पाठवतात. दिवा लावायला ते ठीक आहे. आपल्याला उलटा क्रम हवा: पहिला स्पर्श झाला त्या क्षणी कळ पाठवायची, आणि मग पुढचे २० मिलिसेकंद त्या बटणाकडे लक्षच द्यायचं नाही. थरथर त्या काळात विरून जाते आणि वेळ मात्र पहिल्या स्पर्शाची नोंदली जाते. कोड लिहून देणाऱ्या मित्राला नेमकं हेच सांगा.

वर्गातल्या प्रॅक्टिकलला साधा आणि पर्यायी प्रतिक्रियाकाल दाखवायचा असेल तर संगणकाची गरजही नाही. उनोवर दोन एलईडी, एक बझर आणि दोन बटणं बसवा. दिवा बोर्डच लावतो, दाब बोर्डच ओळखतो, आणि दोन्हींमधला वेळ बोर्डचं घड्याळ मोजतं, ज्याची पायरी ४ मायक्रोसेकंदांची आहे. पडदा नाही, यूएसबीची विचारणा नाही. काही शे रुपयांत असं अचूक यंत्र विद्यार्थ्यांनी स्वतः जोडलेलं बघणं फार आनंदाचं असतं.

तोंडी उत्तर घ्यायचं असेल तर

चित्राचं नाव सांगा, शब्द मोठ्याने वाचा, अशा प्रयोगांत आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की घड्याळ थांबवणारी 'व्हॉइस की' वापरतात. तिच्यावर फार विसंबू नका. 'स' किंवा 'फ'ने सुरू होणारा शब्द हळू सुरू होतो, त्यामुळे उशिरा पकडला जातो. 'ब' लगेच पकडला जातो. शब्दांच्या दोन याद्यांत पहिले व्यंजन सारखे वाटलेले नसतील तर खोटा फरक दिसतो. वायरवाल्या साध्या हेडसेटवर प्रत्येक उत्तराचं ध्वनिमुद्रण करा आणि नंतर प्राट या मोफत प्रोग्रॅममध्ये शब्दाची सुरुवात डोळ्यांनी बघून खूण करा. वेळखाऊ काम आहे, पण विश्वासाचं.

पाचवी पायरी: जोडणी आणि सेटिंग

उपकरण थेट संगणकाच्या पोर्टला लावा, हबमधून नको. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असू द्या आणि पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी झोपवणारा पर्याय बंद करा. बाकीचे प्रोग्रॅम, अँटिव्हायरसची तपासणी, अपडेट, दुसरा पडदा, सगळं बंद. साइकोपायच्या सेटिंगमध्ये कीबोर्डसाठी साइकटूलबॉक्सचा पर्याय निवडा, म्हणजे दाबाची वेळ पडद्याच्या फ्रेमवर अवलंबून राहत नाही.

पडदाही विसरू नका. ६० हर्ट्झचा पडदा वरून खाली रंगत जातो, त्यामुळे वरच्या कडेचा शब्द आणि तळाचा शब्द यांच्यात जवळजवळ १६ मिलिसेकंदांचं अंतर पडू शकतं. एका स्थितीतले उद्दीपक वर आणि दुसरीतले खाली असं कधीच ठेवू नका. पडद्याच्या जागी टीव्ही लावला असेल तर त्याचं 'गेम मोड' चालू करा, एरवी चित्र सुधारण्याच्या नादात तो बराच उशीर लावतो.

सहावी पायरी: स्वतः मोजून बघा

फोनमध्ये २४० फ्रेमचं स्लो मोशन असेल तर पहिली तपासणी फुकटात होते. कळ दाबली की पडदा पांढरा होईल एवढा छोटा प्रोग्रॅम लिहा. कळ आणि पडदा दोन्ही एका चौकटीत येतील असा फोन ठेवून चित्रण करा आणि कळ तळाला टेकल्यापासून पडदा उजळेपर्यंतच्या फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची. डाव्या कळीसाठी वीस आणि उजव्या कळीसाठी वीस वेळा करा. यात पडद्याचा विलंबही धरला जातो, त्यामुळे आकडा एकट्या कीबोर्डचा नाही. पण दोन्ही कळी सारख्या आहेत का आणि विस्तार किती आहे, हे स्पष्ट दिसतं. आपल्याला मुख्यतः तेवढंच हवं आहे.

अधिक नेमकं हवं असेल तर आर्डुइनोलाच प्रयुक्त बनवा. पडद्याच्या कोपऱ्यावर फोटोट्रान्झिस्टर (प्रकाश ओळखणारा भाग) चिकटवा, पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर (आतल्या प्रकाशाने चालणारा स्विच) कळीच्या दोन संपर्कांवर जोडा. पडदा पांढरा झाला की बोर्डने बरोबर २०० मिलिसेकंदांनी कळ 'दाबायची'. शंभर चाचण्या घ्या. प्रोग्रॅमने नोंदलेल्या वेळांची सरासरी २००पेक्षा जेवढी जास्त, तेवढा तुमच्या संपूर्ण व्यवस्थेचा कायमचा विलंब. त्यांचं प्रमाण विचलन म्हणजे बदलता विलंब. प्रकाश ओळखायला स्वस्त एलडीआर (प्रकाशानुसार बदलणारा रेझिस्टर) वापरू नका, तो स्वतःच कित्येक मिलिसेकंद उशिरा जागा होतो.

प्रमाण विचलन ५-६ मिलिसेकंदांच्या आत आलं आणि दोन्ही कळींच्या सरासरीत एक-दोन मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरक नसला, तर निर्धास्तपणे पुढे जा.

सातवी पायरी: चार-पाच जणांवर चाचणी आणि कच्च्या आकड्यांवर नजर

पथदर्शी चाचणीनंतर सरासरी काढण्याआधी कच्चे आकडे उघडून बघा. बरेच जण ही पायरी गाळतात आणि उपकरणाचा दोष शेवटपर्यंत कळत नाही. आकडे १६.७च्या पटीत गोळा झालेले दिसले तर प्रोग्रॅम कळ दर फ्रेमलाच तपासतोय, सेटिंग बदला. १०० मिलिसेकंदांच्या आतले प्रतिसाद वारंवार दिसले तर प्रयुक्त कळ दाबूनच ठेवतोय आणि कीबोर्डची आपोआप पुनरावृत्ती पुढच्या चाचणीत शिरतेय. कळ सोडल्याशिवाय पुढची चाचणी सुरू होणार नाही, अशी अट घाला. काही चाचण्यांत प्रतिसादच नसेल तर आधी भाषेचं सेटिंग बघा, मग कळ.

समोर बसून प्रयुक्ताचे हातही बघा. बोट कळीपासून दोन इंच वर उचललेलं असेल तर सूचनांत 'बोटं कळींवर टेकलेलीच ठेवा' हे वाक्य घाला. एवढ्या एका वाक्याने प्रतिक्रियाकालांचा विस्तार कमी होतो.

प्रबंधात काय लिहायचं

साधनांच्या परिच्छेदात नुसतं 'कीबोर्ड वापरला' असं लिहून भागत नाही. असं लिहा: 'प्रतिसाद वायर असलेल्या यूएसबी कीबोर्डवरील एफ आणि जे या कळींनी नोंदवले. सर्व सहभागींसाठी एकच कीबोर्ड, एकच संगणक आणि ६० हर्ट्झचा एकच पडदा वापरला. कळी आणि उत्तरे यांचे सहभागींमध्ये प्रतिसंतुलन केले. २०० मिलिसेकंदांच्या १०० कृत्रिम प्रतिसादांवरून व्यवस्थेचा सरासरी विलंब आणि त्याचे प्रमाण विचलन मोजले.' पुढे तुमचे दोन आकडे, कीबोर्डचं मॉडेल, प्रोग्रॅमची आवृत्ती. तोंडी परीक्षेत कुणी साध्या कीबोर्डवर बोट ठेवलं तर हे दोन आकडे आणि वरची वर्गमूळाची आकडेमोड पुढे करा.

माहिती गोळा होत असताना कीबोर्ड बंद पडला तर त्याच मॉडेलचा दुसरा कपाटात असू द्या. तो लावल्यावरही सहावी पायरी पुन्हा करा आणि कोणत्या सहभागीपासून तो बदलला हे वहीत तारखेसह नोंदवा.